परवलीचा शब्द की घराची किल्ली?

भाची : मामा, ओट्यावरच्या कागदावर तुम्ही ‘वायफाय पासवर्ड’ असं लिहून ठेवलंय ना, ते आधी खोडा. तो पासवर्ड नाही. पासवर्ड कुणाचा तरी असतो. बँकेत मी आधी नाव सांगते, मग पासवर्ड देते, आणि ही तीच बाई एवढं बँकेला पटतं. तुमच्या राउटरला मी नाव सांगतच नाही. मागच्या खोल्यांतली तीन मुलं, मामी, टीव्ही, दारावरचा कॅमेरा, परवा आलेला इलेक्ट्रिशियन, सगळ्यांनी तेच दहा आकडे घातलेत. यंत्राचा पत्ता राउटरला दिसतो म्हणाल, तर आजचे फोन तोही बदलून सांगतात. राउटरला ‘तू कोण’ हे विचारताच येत नाही. ‘आपल्यातला की परका’ एवढंच त्याला कळतं. याला आधीच वाटून ठेवलेली सामायिक किल्ली म्हणतात. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘पीएसके’ ही तीन अक्षरं दिसतात ना, ती तिचीच.

मामा : शब्दावरून भांडायचं तर आमचाही शब्द ऐक. मराठीत पासवर्डला परवलीचा शब्द म्हणतात. आता सांग, परवल काय एकेकाची वेगळी असायची? गडाचे दरवाजे लागले की पहाऱ्यावरच्या सगळ्यांना मिळून एकच शब्द. अंधारातून येणाऱ्याने तो सांगितला तर आपला, अडखळला तर परका. पहारेकरी कुणाचं गोत्र विचारत बसत नव्हता. म्हणजे माझ्या कागदावर आहे तोच खरा, जुना परवलीचा शब्द, आणि तुझी बँक मागते ते अलीकडचं खूळ. आमचा शब्द संगणकवाल्यांनी उचलून नेला आणि आता आम्हालाच सांगतात की तुम्ही तो चुकीचा वापरता!

भाची : हे मात्र मान्य. पण परवल बदलत राहायची. तुमचा कागद पिवळा पडलाय, कोपऱ्यावर कॉफीचा डाग आहे, आणि त्यावरचा नंबर मामीच्या जुन्या मोबाइलचा आहे. ते राहू द्या. खरा फरक वेगळाच आहे. परवल तोंडाने सांगावी लागते. ती पहारेकऱ्याला ऐकू जाते, आणि झुडपामागे कुणी बसला असेल तर त्यालाही. बँकेचा पासवर्डही असाच सुपूर्द करावा लागतो. फक्त तो बंद पाकिटातून जातो. वायफायची किल्ली हवेतून कधी जातच नाही. तुम्ही ती फोनमध्ये टाइप करता, पण फोन ती राउटरला सांगत नाही. राउटर एक सहज सुचलेला आकडा पाठवतो, फोन आपला एक आकडा पाठवतो. दोघं आपापल्या जागी हे दोन आकडे किल्लीबरोबर घोटतात आणि त्यातून त्या भेटीपुरती एक नवी किल्ली तयार होते. मग फोन आपल्या निरोपावर त्या नव्या किल्लीने शिक्का मारतो. राउटर स्वतःच्या किल्लीने तोच शिक्का उमटवून बघतो. जुळला, तर आत या.

मामा : म्हणजे मोर्तब.

भाची : मोर्तबच! तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातले मोडी कागद तुम्ही पाहिलेत. मजकूर संपला तिथे छोटा शिक्का, खाली कुणी एक ओळही घुसडू नये म्हणून. शिक्का कुणी कुणाला सांगत नाही, वापरतो. किल्लीचंही तसंच. पासवर्ड सादर करायचा असतो, किल्ली वापरायची असते.

(मामांचं गाव तंजावरकडचं इन्नंबूर; तिथे हा वाद मराठीत का चालला आहे, असं कुणाला वाटेल. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावर घेतलं, १८५५ मध्ये ते राज्य संपलं, पण कावेरीकाठच्या काही घरांत मराठी मागे राहिली. वायफाय, राउटर हे शब्द तिथल्या मराठीतही आपल्यासारखेच आहेत.)

मामा : मग तूच माझी बाजू मांडलीस की. किल्ली तोंडावाटे बाहेर पडत नाही, म्हणून चोरीला जात नाही. शिवाय शिक्का दोघांनाही मारावा लागतो. माझा राउटरही तुझ्या फोनला दाखवून देतो की मलाही किल्ली ठाऊक आहे, मी तोतया नाही. तुझ्या बँकेचं काय? बँकेसारखं हुबेहूब पान कुणी बनवलं तर बिचारा म्हातारा नाव-पासवर्ड दोन्ही त्याच्या ओंजळीत टाकतो. किल्ली दोन्हीकडून ओळख पटवते, पासवर्ड एकीकडूनच. वायफाय बनवणाऱ्यांना हे पहिल्यापासून कळलेलं असणार.

भाची : कळायला सात वर्षं लागली. १९९७ च्या पहिल्या मानकात ‘वेप’ नावाची कुलूपपद्धत होती. जुन्या राउटरवर दोन पर्याय दिसायचे, ‘ओपन’ आणि ‘शेअर्ड की’. कुणीही शहाणा माणूस दुसराच निवडील. त्यात व्हायचं काय, की राउटर १२८ बाइटचा एक मजकूर उघड्यावर पाठवायचा आणि फोनने तोच मजकूर किल्लीने गुप्त करून परत करायचा. आता झुडपामागे बसलेल्याचा विचार करा. त्याच्या हाती साधा मजकूर आला आणि त्याचंच गुप्त रूपही आलं. वेपमध्ये गुप्त करणं म्हणजे मजकुरावर आकड्यांची एक पट्टी मिसळणं. दोन्ही रूपं हाताशी असली की एकातून दुसरं वजा करायचं, ती पट्टी हातात येते. पुढच्या वेळी राउटरने कुठलाही मजकूर विचारला तरी तीच पट्टी लावून हा आत. किल्ली माहीत नसताना! म्हणजे ‘शेअर्ड की’ निवडणाऱ्यापेक्षा ‘ओपन’ निवडणारा बरा होता. २००१ मध्ये फ्लूरर, मँटिन आणि शमीर यांनी तर नुसती वाहतूक गोळा करून मूळ किल्लीच काढता येते हे दाखवलं. मग २००३ ला डब्ल्यूपीए आलं, २००४ ला डब्ल्यूपीए-टू. तुमच्या घरी आहे ते दुसरं.

मामा : तेव्हा खोड होती, ती दुरुस्त झाली. आता काय अडचण?

भाची : आता अडचण मामीच्या नंबरची. तुमच्या एटीएमचा पिन किती आकडी?

मामा : चार.

भाची : आणि तो पुरतो. कारण चोराला अंदाज मशीनसमोरच करावे लागतात आणि दोनचार वेळा चुकला की कार्ड बंद. पासवर्डचा अंदाज खिडकीवर उभं राहून करायचा असतो, आणि खिडकीतला माणूस ‘पुरे’ म्हणू शकतो. किल्लीच्या बाबतीत खिडकीच नाही. चोर तुमच्या ओट्यासमोरून एकदा जातो. ते दोन आकडे आणि तो शिक्का टिपतो आणि घरी जातो. पुढचं सगळं त्याच्या टेबलावर. एक किल्ली मनात धरायची, शिक्का उमटवायचा, जुळतो का बघायचं; नाही जुळला, दुसरी. तुमच्या राउटरला याचा पत्ताही लागत नाही. हे अंदाज महाग पडावेत म्हणून किल्ली तयार करतानाच नेटवर्कचं नाव मिसळून ४,०९६ वेळा घोटायचा नियम केलाय. तरीही खेळांसाठी विकतात तसलं एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांहून जास्त किल्ल्या तपासतं. आपल्याकडचा मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो, मग नऊ आकडे. झाले ४०० कोटी. भागा दहा लाखांनी.

मामा : चार हजार सेकंद. तासाहून थोडं जास्त.

भाची : एवढ्यात तुमचं केळीच्या पानावरचं जेवण आणि वामकुक्षी होते. चार आकडी पिन पासवर्ड म्हणून चालतो, आणि दहा आकडी नंबर किल्ली म्हणून चालत नाही. म्हणून मी नावाचा आग्रह धरते. ‘पासवर्ड’ म्हटलं की लोक पासवर्डसारखंच काहीतरी ठेवतात, लक्षात राहील असं. किल्ली म्हटलं असतं तर निदान तिला दात किती, हा प्रश्न कुणी विचारला असता. आठ ते त्रेसष्ट अक्षरांची मुभा आहे. लोक आठावर थांबतात.

मामा : बरं, वीस अक्षरी ठेवतो, चार असंबद्ध शब्द जोडून. झालं तुझं समाधान? ही तक्रार किल्लीबद्दल नव्हती, कंजूषपणाबद्दल होती.

भाची : ही कंजूषपणाची होती, पुढची किल्लीचीच आहे. किल्ली कितीही लांब केली तरी मागच्या खोलीतल्या मुलाला ती माहीतच असणार. डब्ल्यूपीए-टूमध्ये जो किल्ली जाणतो त्याने तुमच्या फोनची ती सुरुवातीची देवाणघेवाण ऐकली, तर तुमच्या भेटीपुरती केलेली किल्ली त्यालाही काढता येते. दोन आकडे त्यानेही ऐकले, मूळ किल्ली त्याच्याकडे आहे, मग उरलं काय? एका घरात राहणाऱ्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू जावं तसं.

मामा : अगं, इथल्या घरात आडभिंतीपलीकडची कुजबूज अशीही ऐकू येते. आणि बँकेचं, पत्रांचं तर त्यांचं वेगळं कुलूप असतं. तूच मागे दाखवलं होतंस, पत्त्यापाशी ते छोटं कुलपाचं चित्र. तो मुलगा फार तर एवढं बघेल की मी कुठली वर्तमानपत्रं वाचतो.

भाची : ते खरं आहे. शिवाय २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए-थ्रीने ही दोन्ही दुखणी बरीचशी मिटवली. त्यात ती देवाणघेवाण अशी रचलीय की किल्ली जाणणाऱ्यालाही दुसऱ्याची भेट उलगडता येत नाही आणि टिपून नेऊन घरी अंदाज करत बसता येत नाही. पुढच्याच वर्षी त्यातही फटी सापडल्या, त्या बुजवल्या. म्हणून ऐकण्याबद्दल मी आता भांडत नाही. भांडते हाकलण्याबद्दल. डब्ल्यूपीए-थ्रीलाही ते जमलेलं नाही. एकाला दिलेली किल्ली एकट्याकडून परत घेता येत नाही. इलेक्ट्रिशियनला बाहेर ठेवायचं तर किल्ली बदला, म्हणजे टीव्ही, कॅमेरा, मामीचा फोन, तीन मुलं, सगळ्यांना पुन्हा द्या. तेवढा खटाटोप कुणी करत नाही, म्हणून किल्ली बदलत नाही आणि वापरणाऱ्यांची यादी फक्त वाढते. कॉलेजात आम्ही प्रत्येकाला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड देतो. दारावरचं यंत्र स्वतः काही ठरवत नाही, ते मागच्या सर्व्हरला विचारतं, हा आपला का? मुलगा पास होऊन गेला की त्याची एक ओळ पुसायची. बाकी हजारांना कळतही नाही.

मामा : आणि तो हजारांचा तक्ता कुणाकडे असतो?

भाची : आमच्याकडे.

मामा : कोण किती वाजता आला, किती वेळ बसला, कुठल्या इमारतीत होता, हेही?

भाची : नोंद राहते. ती लागतेही, मामा. २००८ चा जुलै आठवा. अहमदाबादच्या स्फोटांच्या आधी काही मिनिटं वाहिन्यांना ईमेल गेला, तो निघाला नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या घरच्या जोडणीवरून. त्याचं वायफाय उघडं होतं, दुसऱ्याच कुणी ते वापरलं होतं. पोलीस त्याच्या दारात. पुढच्या दोन महिन्यांत माटुंग्याच्या एका कॉलेजातून आणि चेंबूरच्या एका कंपनीतून असेच ईमेल गेले. २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलीस लॅपटॉप घेऊन उघडी वायफाय हुडकत फिरायला लागले.

मामा : मग त्याला किल्लीच पुरली असती. रस्त्यावरचा माणूस आत आलाच नसता.

भाची : रस्त्यावरचा आला नसता. पण समजा, किल्ली होती आणि ती वीस जणांकडे होती. बाहेरच्या जगाला घराचा पत्ता एकच दिसतो. पोलीस त्याच दारात येणार, आणि वीसांतला कोण, हे घरमालकाला सांगता येणार नाही. तुमच्या ओट्यावरून असं काही गेलं तर तुम्ही काय सांगाल? ‘आपल्यातलाच कुणीतरी’?

मामा : हो, तेच सांगेन. तेवढंच मला माहीत असेल. तुझं म्हणणं असं की मला जास्त माहीत असायला हवं. माझं म्हणणं, गावात सगळ्यांचं सगळं माहीत असतं हे आधीच पुष्कळ झालं. त्यात कुणाचा पोरगा रात्री दोनला जागा होता याची वही मी कशाला ठेवू? वही ठेवली की कुणीतरी ती मागायला येतं. पोलीस येतील तेव्हा येतील, त्याआधी मुलांचे बाप येतील. किल्लीला आठवण नसते, आणि मला ती त्यासाठीच आवडते. आणि तुझी नावं तरी खरी असतात का? खरं सांग.

भाची : (हसून) आमच्याकडे नवीन मूल पहिल्याच आठवड्यात वरच्या वर्गातल्याचा आयडी मागून घेतं. एकाच नावाने एकाच वेळी ग्रंथालयात आणि वसतिगृहात दोघं. शिवाय जोडताना फोन विचारतो, हा सर्व्हर ओळखीचा आहे का तपासू? मुलं ‘नको’ दाबून मोकळी होतात. मग कुणीही त्याच नावाचं खोटं केंद्र उभारलं की मुलांची ओळख त्याच्या हाती जायला वेळ लागत नाही.

मामा : म्हणजे मघाशी मी बँकेबद्दल बोललो तेच तुझ्या कॉलेजात. आता आपल्या देवळाची गोष्ट घे. लहानपणी तुला त्या एळुत्तरिनादरासमोर पाटीवर अक्षरं गिरवायला बसवलं होतं. त्या देवाचं नावच ‘अक्षर जाणणारा नाथ’. चोळ राजाला देवळाच्या हिशेबाबद्दल शंका आली. हिशेबनीस बोलावला, त्याला धड सांगता येईना. तो रडत देवाकडे गेला. तर शंकर त्याच हिशेबनिसाचं रूप घेऊन दरबारात गेला आणि पैन्‌पै समजावून आला. राजाने नाव बघितलं, चेहरा बघितला, अक्षर बघितलं. तुझ्या सर्व्हरने आणखी काय बघितलं असतं? आणि तरी समोर होता तो दुसराच.

भाची : पण गोष्ट तिथे संपत नाही ना! खरा हिशेबनीस भीतभीत नंतर राजाकडे गेला, तेव्हा राजा म्हणाला, तू तर आत्ताच सगळं सांगून गेलास. तेव्हा उलगडलं. का उलगडलं? एकाच नावाचा माणूस दोनदा आला म्हणून. राजाकडे तुमची पद्धत असती, म्हणजे दरबारात शिरायला सगळ्या हिशेबनिसांना मिळून एकच शिक्का, तर शंकराला रूपही घ्यावं लागलं नसतं. शिक्का दाखवला, आत गेला, हिशेब दिला. नंतर खरा हिशेबनीस आला असता, त्यानेही शिक्का दाखवला असता. राजाला वाटलं असतं, आणखी एक हिशेबनीस. चमत्कार झाल्याचं कुणाला कळलंच नसतं. नावाची चोरी होते, हे खरं. पण चोरी झाल्याचं कळायलाही आधी नाव असावं लागतं.

मामा : हे चांगलं काढलंस. आता मला गावाच्या नावाचं आठवतंय. स्थळपुराण म्हणतं, इनन म्हणजे सूर्य, नंबु म्हणजे विश्वास ठेवणं. सूर्याने जिथे विश्वास ठेवून पूजा केली ते ऊर, म्हणून इन्नंबूर. विश्वासाचं गाव. तुझा सर्व्हर विश्वास ठेवत नाही, तो तपासतो. माझा कागद तपासत नाही, विश्वास ठेवतो.

भाची : तुमचा कागद विश्वास ठेवत नाही, मामा. तो विसरतो. विश्वास ठेवायला समोरचा कोण हे माहीत असावं लागतं. मधला एक मार्ग आहे, हवा तर करून देते. काही राउटरवर नेटवर्क एकच ठेवून प्रत्येकाला वेगळी किल्ली देता येते. मुलांनी नाव सांगायचं नाही, सर्व्हर नको, पण एकाची किल्ली मोडली तरी बाकीच्यांची चालू राहते. तुमची किल्ली तशीच राहील आणि मला हवं ते हाकलणंही जमेल.

मामा : थांब. प्रत्येकाची वेगळी किल्ली म्हणजे कुठली किल्ली कुणाची हे मला कुठेतरी लिहून ठेवावं लागेल.

भाची : हो.

मामा : म्हणजे किल्लीच्या कातड्याखाली नावच आलं की. किल्ली जितक्या जणांत वाटलेली तितकी ती किल्ली, आणि एकाच्या वाट्याला एक आली की तिचा पासवर्ड होतो. मग आपण मघापासून दोन वस्तूंबद्दल भांडतोय की एकाच वस्तूच्या वाटणीबद्दल?

भाची : वाटणीपुरतं तुमचं बरोबर आहे. पण ती हवेतून सांगितली जात नाही, घोटली जाते, आणि तिचा अंदाज चोराला घरी बसून करता येतो, हे वाटणी कशीही केली तरी बदलत नाही. एकट्याची किल्ली झाली तरी ती किल्लीच. मात्र ‘कोण’ हा प्रश्न टाळायला तुम्हाला जी सोय होती, ती गेली.

मामा : ती गेली, हेच मला सलतंय. मागच्या खोलीत गेल्या वर्षी राहत होतं ते कुटुंब आठवतं? भाडं परवडेना म्हणून पलीकडच्या गल्लीत गेले. त्यांचा धाकटा अजून संध्याकाळी येतो, ओट्याच्या कडेला बसतो, फोनवर गणिताचे व्हिडिओ बघतो. मी बघतो, तो बघतो, कुणी काही बोलत नाही. त्याला मी वायफाय दिलेलं नाही आणि काढूनही घेतलेलं नाही. तुझी नवी व्यवस्था आली की मला ठरवावं लागेल.

भाची : ठरवा ना. त्याचीही एक किल्ली करू, मला दोन मिनिटं लागतील.

मामा : तुला दोन मिनिटं. त्याच्या बापाला कळलं की आपण यादीत आहोत, तर तो उद्यापासून पोराला पाठवणार नाही. त्या माणसाचा स्वभाव मला ठाऊक आहे.

भाची : आणि यादीत नसला, तर किल्ली बदलल्या दिवशी तो मुलगा ओट्यावर येईल, फोन हातात धरून बसेल आणि समजेल की मामांनी आपल्याला तोडलं.

मामा : म्हणून तर म्हणतो, आज कागदावरचा ‘पासवर्ड’ हा शब्द तेवढा खोड.

भाची : आणि मामीचा नंबर?

मामा : तो उद्या बदलू. वीस अक्षरांचं काहीतरी कर. आणि नवा कागद जरा मोठ्या अक्षरात लिही. ओट्याच्या कडेवरून वाचता यायला हवा.